किनाऱ्यावर फाटलेला तंबू हाताने कसा शिवायचा

काशीद असो, आंजर्ले असो की भोगवे, किनाऱ्यावर सुरूच्या बनात लावलेला तंबू फाटतो त्या जागा ठरलेल्या असतात. खुंटीच्या पट्ट्याचा कोपरा, दाराची चेन, बुडाजवळची जाळी, आणि वरच्या छताला वाळक्या फांदीने किंवा वाडीच्या काटेरी तारेने पडलेला खोंबारा. यातलं बहुतेक सगळं घरी सुई-दोऱ्याने दुरुस्त होतं. मशीन नसलं तरी अडत नाही. तयार तंबूचा कोपरा मशीनच्या पायाखाली नीट बसतच नाही, आणि बसवलाच तर चुकीच्या जागी दहा भोकं पडून मोकळं होतं. हाताने टाका हवा तिथेच पडतो.

शर्टाचं बटण लावता येत असेल तर पुढचं सगळं जमेल. फक्त एक गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवा. कापड कुठून ओढलं गेलं म्हणून फाटलं, हे कळल्याशिवाय सुई लावू नका. तोच ताण त्याच जागी राहिला तर नवी शिवण पुढच्या वाऱ्यात उसवेल. शिवण फारच भक्कम घातली असेल, तर ती टिकेल आणि शेजारचं कापड जाईल, म्हणजे आधीपेक्षा मोठं फाटेल.

आधी मीठ काढा

किनाऱ्यावरून आलेला तंबू तसाच शिवायला घेऊ नये. खाऱ्या हवेतलं मीठ कापडात आणि जुन्या शिवणींत बसतं, हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कापड कधी धड कोरडं होऊ देत नाही. अशा कापडावर सीलंट, म्हणजे शिवणीतली भोकं बुजवणारा चिकट लेप, धरत नाही. वाळूचे कण शिवणीत अडकलेले असतील तर दोरा ताणला जाईल तसतसे ते त्याला घासत राहतात.

मोठ्या टबात गोडं पाणी घ्या. तंबू आधी उलटा करून वाळू झटका, मग अर्धा तास भिजवून हाताने हलकेच खळबळा. फारच मळका असेल तर १० लिटर पाण्यात एक चमचाभर सौम्य द्रव साबण पुरे. कपड्यांची पावडर, ब्लीच आणि वॉशिंग मशीन तिन्ही नकोत, त्याने आतला लेप सुटतो. दोनदा पाणी बदला. पिळू नका. पडवीत किंवा माडाच्या सावलीत दोरीवर टाका, कारण कडक उन्हाने नायलॉन कमजोर होतं. वाळल्यावर पांढरट कडा दिसल्या किंवा हाताला चिकट लागलं तर आणखी एकदा गोड्या पाण्यातून काढा.

पूर्ण कोरडं होईपर्यंत थांबा. नायलॉन ओलं असताना लांबतं आणि वाळताना आवळतं. दमट कापडावर नीट बसलेलं ठिगळ दुसऱ्या दिवशी सुरकुतलेलं दिसतं ते यामुळे.

काय शिवायचं आणि काय नाही

सुई घेण्याआधी फाटलेल्या जागेच्या आजूबाजूचं कापड दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून पाहा. कागदासारखं टर्रकन गेलं तर ते उन्हाने मेलंय. त्यावर कितीही चांगली शिवण घाला, कडेने पुन्हा फाटणार.

छताची आतली बाजू बोटाला चिकटत असेल, आंबट कुबट वास येत असेल आणि पापुद्रे सुटत असतील, तर पाणी अडवणारा पॉलियुरेथेनचा लेप ओलाव्याने विघटित झाला आहे. कोकणातल्या उष्ण दमट हवेत गुंडाळून माळ्यावर टाकलेल्या तंबूंचं हे नेहमीचं दुखणं. ते शिवून बरं होत नाही.

छताला १ सेंटीमीटरपेक्षा लहान भोक असेल तर शिवू नका. दोन्ही बाजूंनी तंबूची दुरुस्ती-टेप गोल कापून लावली की काम होतं, सुईने उगाच भोकं वाढतात. तंबूच्या बुडालाही शक्यतो सुई लावू नये. बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या दाबाने ओल्या वाळूतलं पाणी प्रत्येक टाक्याच्या भोकातून वर येतं. तिथे चिकटवलेलं ठिगळ बरं. चीर ५ सेंटीमीटरपेक्षा लांब असेल तरच आधी कडा टाक्यांनी जोडून मग आतून-बाहेरून ठिगळ चिकटवा. हवेच्या गाद्या आणि पाण्यात बुडवायच्या बंद पिशव्या कधीच शिवायच्या नाहीत.

आणि जिथे माणसाचं वजन लटकतं, म्हणजे हॅमॉकची (झाडांना टांगायच्या झोळीची) दोन टोकं, कड्यावर वापरायचे हार्नेस, दोराचे पट्टे, तिथे घरची हातशिलाई अजिबात नको. हॅमॉकच्या मधल्या कापडाला छोटं भोक पडलं तर ठीक, टोकाची शिवण उसवली तर तो हॅमॉक बाद करा. यात तडजोड नाही.

सामान

सुया: हातशिलाईच्या ‘शार्प्स’ प्रकारच्या ७ ते ९ नंबरच्या. हातसुईत नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. ९ नंबर छताच्या पातळ कापडाला, ७ नंबर पट्टे आणि जाड कडांना. सॅकसाठी एक दाभण. बोथट किंवा गंजकी सुई वापरू नका, ती धागे बाजूला सारण्याऐवजी तोडते. खाऱ्या हवेत सुया लगेच गंजतात म्हणून त्या तेलाचं बोट लावलेल्या कापडात, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा.

दोरा: पॉलिस्टरचा. सुती दोरा दमट हवेत कुजतो. दुकानात खात्री नसेल तर टोक जाळून पाहा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी होतो. दोऱ्याच्या रिळावरचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. छत आणि जाळीला १२० किंवा ८० नंबर, खुंटीच्या पट्ट्यांना ४०, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला ४० दुहेरी किंवा २० एकेरी.

बंदरावर मासेमारीच्या सामानाची दुकानं हाताशी असतात, म्हणून मजबूत हवा तर तंगूसच (गळाचा एकसंध नायलॉन दोरा) वापरू असं पुष्कळांना वाटतं. वापरू नका. तंगूस गुळगुळीत असल्याने गाठ सरकते, आणि तो पातळ कापडापेक्षा इतका ताठ व कडक असतो की ताण आला की कापड कापत जातो. दोरा कापडापेक्षा थोडा कमजोर असलेला चांगला. वेळ आलीच तर दोरा तुटावा, कापड नाही. त्याच दुकानांत मिळणारी पिळाची नायलॉन दोरी मात्र तणाव्यांसाठी, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांसाठी, उत्तम.

ठिगळाचं कापड: पावसाळ्यानंतर मोडून पडलेली छत्री टाकू नका. तिचं पातळ पॉलिस्टर किंवा नायलॉन कापड तंबूच्या छताशी वजनाने जुळतं. आधी ओढून पाहा, उन्हाने गेलेलं नसावं. छत्रीची पाकळी त्रिकोणी असते आणि तिच्या कडा उरेब, म्हणजे धाग्यांना तिरक्या, असतात, म्हणून ठिगळ पाकळीच्या मधून, धागे पाहून कापा. तंबूची मूळ पिशवी त्याच कापडाची असेल तर तिच्यातूनही तुकडा काढता येतो.

बाकी: बोटात घालायचं अंगुस्तान, लहान पक्कड, धारदार कात्री, शिंप्याचा खडू, कागदी मास्किंग टेप, गोंदाची कांडी, कपड्यांचे चार चिमटे, उदबत्ती. टाचण्या नकोत, प्रत्येक टाचणी म्हणजे पाणी गळायला दोन जादा भोकं. उदबत्ती कापडाच्या कडेसाठी. पेटत्या टोकाने कड अगदी हलकेच शेकली की धागे वितळून चिकटतात आणि दशा निघत नाहीत. मेणबत्तीच्या ज्योतीपेक्षा ती हातात राहते, कापड भसकन पेटत नाही. तरी दार-खिडकी उघडी ठेवून करा, धूर चांगला नसतो.

एकच टाका पक्का शिका: उलटी टीप

धावदोरा पटकन होतो, पण एक टाका तुटला की अख्खी ओळ सरकते. उलट्या टिपेत प्रत्येक टाका मागच्याला धरून असतो, म्हणून ताणाच्या जागी तीच घालायची.

दोरा हातभर, म्हणजे ५० सेंटीमीटर घ्या. यापेक्षा लांब घेतला तर पीळ पडून गुंततो आणि वारंवार कापडातून जाऊन पिंजतो. छतासाठी एकेरी दोरा. टोकाला गाठ मारू नका, पातळ कापडातून ती आरपार निघते. ५ सेंटीमीटर शेपूट सोडून एकाच जागी तीन बारीक टाके घाला.

१. सुई खालून वर काढा.
२. ३ मिलिमीटर मागे जाऊन खाली घाला.
३. कापडाखालून ६ मिलिमीटर पुढे येऊन पुन्हा वर काढा.
४. परत ३ मिलिमीटर मागे, आधीच्या टाक्याच्या टोकाच्याच भोकात. नवं भोक पाडू नका.

वरून पाहिलं तर मशीनसारखी सलग ओळ दिसते. टाके २ मिलिमीटरपेक्षा जवळ आले तर टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग होते आणि कापड तिथेच फाटतं. ४ मिलिमीटरपेक्षा लांब झाले तर कड मधे उघडी पडते. दर दहा टाक्यांनी थांबून शिवण दोन अंगठ्यांत धरून लांबीच्या दिशेने ताणा. कापडाला चुण्या पडल्या असतील तर दोरा जास्त ओढला गेलाय. दोरा कापडावर टेकून राहिला पाहिजे, रुतता कामा नये. नवशिक्यांची सगळ्यात जास्त शिवण याच एका कारणाने बिघडते, घट्ट म्हणजे भक्कम अशा समजुतीने.

उलट्या टिपेला शिवणीच्या लांबीच्या साधारण तिप्पट दोरा जातो. हा हिशेब आधी केला की अर्ध्या वाटेत अडायला होत नाही.

छताचा खोंबारा

खोंबारा बहुधा इंग्रजी एल अक्षरासारखा पडतो, कारण कापड उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही धाग्यांच्या रेषेत फाटत जातं. समजा त्याची एक बाजू ६ सेंटीमीटर आणि दुसरी ४ सेंटीमीटर आहे.

कापडाखाली पाट किंवा जाड पुठ्ठा ठेवा, नाहीतर खालचा थर सोबत शिवला जातो आणि ते शेवटच्या टाक्यालाच कळतं. लोंबणाऱ्या दशा कात्रीने काढा, धागे ओढू नका. फाटलेल्या कडा एकमेकींना नुसत्या टेकतील इतक्या जवळ आणून आतून मास्किंग टेप लावा. कडा एकावर एक चढवू नका, कापड तेवढं आखडतं आणि तंबू ताणल्यावर सगळा जोर तिथे येतो. खोंबाऱ्याच्या दोन्ही टोकांवर आडवे तीन-चार टाके घाला, म्हणजे चीर पुढे धावणार नाही.

ठिगळ चिरेच्या सगळीकडून २.५ सेंटीमीटर बाहेर जायला हवं. म्हणजे तयार ठिगळ ११ × ९ सेंटीमीटर. कड आत दुमडायला चारही बाजूंनी ७ मिलिमीटर धरा, म्हणजे कापायचा तुकडा साधारण १२.५ × १०.५ सेंटीमीटर. चारही कोपरे तिरके कापा. आठ बाजूंचं ठिगळ झालं की प्रत्येक कड सरळ दुमडता येते. टोकदार कोपरे वाऱ्यात आधी उचलले जातात, म्हणून ते नकोत.

कड नखाने दाबून मोडा, इस्त्री नको. ठिगळाचे उभे धागे छताच्या उभ्या धाग्यांना समांतर ठेवा. छताच्या कापडात जाड धाग्यांची चौकट असेल तर काम सोपं होतं, ती चौकट पाहून लावा. धागे तिरके झाले की ठिगळ एका दिशेने ताणतं आणि छत ताणत नाही, मग पहिल्याच वाऱ्यात कडेला चुण्या येतात.

दुमडलेल्या कडेला आतून गोंदाची कांडी फिरवून ठिगळ बाहेरच्या बाजूने बसवा. हा गोंद पाण्याने निघून जातो, त्याचं काम फक्त हलू न देण्याचं. पंधरा मिनिटं वाळू द्या. मग कडेपासून २ मिलिमीटर आत उलटी टीप घालत फेरी पूर्ण करा. परीघ ४० सेंटीमीटर, ३ मिलिमीटरच्या टाक्याने १३० च्या आसपास टाके. दोरा १२० सेंटीमीटर लागेल, सुरुवाती-शेवटाची शेपटं धरून हातभर दोऱ्याचे चार तुकडे. पहिल्यांदा करताना दीड तास सहज जातो. तेवढा वेळ ठेवूनच बसा.

आता कापड उलटं करा, टेप काढा. फाटलेल्या कडा ठिगळावर मोकळ्या राहिल्या तर वाऱ्यात फडफडून दशा निघत राहतात, म्हणून त्या ४ मिलिमीटर अंतराच्या तिरक्या टाक्यांनी ठिगळावर टाकून घ्या.

खुंटीचा पट्टा

किनाऱ्यावर सर्वात आधी जातो तो हा. दिवसा खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे उलटे वाहतात. तंबूच्या प्रत्येक कोपऱ्याला रोज दोन्ही दिशांनी ओढ बसते. त्यात रात्रीच्या दवाने नायलॉनचं छत सैल पडतं, आपण उठून तणावे आवळतो, आणि सकाळी ऊन लागल्यावर तेच कापड आवळत जातं. खुंटी वाळूत सरकली तर तिने काही ताण सोडला असता, पण वाळूत खुंटी धरतच नाही म्हणून तणावा दगडाला किंवा सुरूच्या खोडाला बांधलेला असतो. मग उरतो तो पट्टाच.

उसवलेला पट्टा उजेडात धरून पाहा. एका टोकाच्या टाक्यांची भोकं गोल न राहता लांबट झालेली दिसतील, आणि त्यांच्या मागे कापडाचे धागे सरकून बारीक फटी पडलेल्या. ज्या बाजूची भोकं जास्त लांबट, तिकडे पट्टा तिरका ओढला जात होता. शिवण नव्याने घालताना पट्टा तणाव्याच्या रेषेत येईल असा किंचित वळवा, आणि पुढच्या वेळी तणाव्याची दिशाही सुधारा.

शिवायची रीत अशी. जुने दोरे उसवून काढा. जुनी भोकं पुन्हा वापरू नका. त्या जागी आतून ६ × ६ सेंटीमीटरचा जाड पॉलिस्टरचा तुकडा लावा, शाळेच्या जुन्या दप्तराचं कापड चालतं. त्याचे कोपरे गोल करा, कड उदबत्तीने शेका. नवा पट्टा २ सेंटीमीटर रुंदीच्या नायलॉन पट्टीचा, लांबी १५ सेंटीमीटर, टोकं शेकलेली. मधे दुमडून दोन्ही टोकं एकावर एक ठेवली की २.५ सेंटीमीटर कापडावर बसवायला आणि बाकीचा बाहेर फास म्हणून राहतो. चिमट्यांनी धरा. ४० नंबरच्या दोऱ्याने आधी पट्टीच्या कडेला अगदी लागून नव्हे, २ मिलिमीटर आतून चौकोन शिवा, मग त्याच्या आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली. पूर्ण झाल्यावर तीच वाट आणखी एकदा घ्या, त्याच भोकांतून. सुई चार थरांतून जाणार नाही तेव्हा मागून अंगुस्तानाने ढकला आणि पुढून पकडीने सरळ ओढा. वाकडी ओढली की मोडते.

फुली कशाला, तर नुसत्या आडव्या ओळीवर सगळा ताण एकाच रेषेत येतो. फुलीने तो चौकोनभर पसरतो.

आणि शिवण झाल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची एक बोटभर रुंद रिंग कापून फास आणि तणावा यांच्यामध्ये अडकवा. झोत आला की आधी रबर ताणतं. दहा पैशांची वस्तू नसेल, पण याने पट्टे जितके वाचतात तितके जाड दोऱ्याने वाचत नाहीत.

जाळी

५ मिलिमीटरपर्यंतचं भोक रफू करा: १२० नंबरच्या दोऱ्याने उभे दोरे, मग त्यांच्यातून एक वर एक खाली असे आडवे. त्याहून मोठ्याला जाळीचंच ठिगळ, भोकाच्या बाहेर १.५ सेंटीमीटर. तिरके टाके घालताना सुई जाळीच्या कडेपासून निदान तीन घरं आत घाला, कडेच्या घरातला टाका सुटतो. जुन्या मच्छरदाणीचा तुकडा लावणार असाल तर तो आणि तंबूची जाळी एकावर एक धरून उजेडात पाहा. मच्छरदाणीची घरं बहुधा मोठी असतात. डास अडतात, पण संध्याकाळी येणारी बारीक चिलटं आरामात आत येतात.

चेन

चेन बंद करून मागे पाहिलं तर दात उघडेच, ही तक्रार असेल तर दात बहुतेक ठीक असतात. रनर, म्हणजे चेन उघडताना-मिटताना सरकतो तो तुकडा, झिजून सैल झालेला असतो. वाळू आणि मीठ मिळून तो आतून घासला जातो.

आधी कोमट गोड्या पाण्यात दातांच्या जुन्या ब्रशने चेन दोन्ही बाजूंनी घासा, वाळवा. मग पकडीने रनरची मागची बाजू, म्हणजे जिथून मिटलेले दात बाहेर पडतात ती, डावीकडून आणि उजवीकडून केसभर दाबा. चेन ओढून पाहा, लागलं तर आणखी केसभर. एकदम जोरात दाबलं तर रनर अडकतो किंवा त्याचा धातू चटकन तडकतो.

एवढ्याने भागलं नाही तर रनर बदला. त्याच्या पाठीवर आकडा असतो, तंबूच्या दारांना बहुधा ५, सॅकला ८ किंवा १०. बॅगांच्या सामानाच्या दुकानात जुना रनर घेऊनच जा आणि ‘पाच नंबरचा कॉइलचा रनर, दोन्ही बाजूंनी ओढायचा’ असं मागा, कारण तंबूचं दार आतूनही उघडावं लागतं आणि धातूच्या दातांचा रनर प्लॅस्टिकच्या कॉइलवर चालत नाही. चेन सुरू होते तिथली शिवण ३ सेंटीमीटर उसवा, दोन्ही पट्ट्यांची टोकं सारखी कापा आणि रनरची दुतोंडी बाजू चेनकडे ठेवून दोन्ही टोकं एकाच वेळी आत घाला. एक टोक पुढे गेलं तर दार मिटल्यावर एका बाजूला झोळ येतो, मग काढून पुन्हा घालावं लागतं. शेवटी दातांवरूनच आडवे सात-आठ टाके घाला, तोच नवा अडसर. उसवलेली शिवण उलट्या टिपेने बंद करा.

सॅकचा पट्टा

इथे मोच्याचा टाका घालायचा. एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, ४ मिलिमीटर अंतरावर आरीने आधी पाडलेली भोकं, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून. एक बाजूचा दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. ६ मिलिमीटर अंतराने दोन ओळी घाला. हात बसला नसेल तर बाजारातल्या मोच्याकडून करून घ्या, फक्त दोरा नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा आहे ना ते आधी विचारा.

सीलंट

छतावरची प्रत्येक शिवण सीलंट लावल्याशिवाय गळणार. लेप पॉलियुरेथेनचा असेल तर पॉलियुरेथेनचा सीलंट, सिलिकॉनचा असेल तर सिलिकॉनचाच. सिलिकॉनवर दुसरं काही धरत नाही. ओळखता येत नसेल तर कोपऱ्यात थेंब लावा, सुकल्यावर नखाने सोला. सालीसारखा निघाला तर तो त्या कापडाचा नाही. शिवताना दोऱ्याला मेण लावलं असेल तर सीलंट नीट बसत नाही, म्हणून छताच्या शिवणीला मेण लावूच नये.

शिवण स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. लेपाच्या बाजूने, म्हणजे बहुधा आतून, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटर जाईल असा पातळ थर लहान ब्रशने चोळून लावा. ठिगळाची वरची कड बाहेरूनही बंद करा, पावसाचं पाणी वरून ओघळत तिथेच शिरतं. जाड एका थरापेक्षा पातळ दोन बरे. रात्रभर ताणून सुकू द्या आणि गुंडाळण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरवा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतील. दुसऱ्या दिवशी तंबू उभा करून शिवणीवर तांब्याने दहा मिनिटं पाणी ओता. आतून बोट फिरवा. थेंब दिसला तिथे खडूची खूण करा, वाळल्यावर तेवढ्याच जागी आणखी एक थर.

ठेवताना आणि वाटेत

जून ते सप्टेंबर तंबू त्याच्या घट्ट पिशवीत ठेवू नका. उशीच्या मोठ्या सुती अभ्ऱ्यात सैल भरून घरातल्या कोरड्या कपाटात ठेवा, पत्र्याखालच्या माळ्यावर नको. उघडीप मिळाली की बाहेर काढून पडवीत पसरा.

बरोबर नेण्याच्या पुडीत दोन सुया, ८० नंबरचा पाच मीटर दोरा, हातभर दुरुस्ती-टेप आणि दोन सोललेल्या सुपाऱ्या असू द्या. रात्री वाऱ्यात पट्टा उखडला तर अंधारात शिवत बसण्यापेक्षा सुपारी कामी येते. फाटलेल्या जागेपासून चार बोटं आत, धड कापडात आतून सुपारी ठेवा, बाहेरून कापड तिच्यावर गुंडाळून मानेशी तणाव्याचे दोन वेढे आवळून गाठ मारा. गोल आणि गुळगुळीत असल्याने ती कापड फाडत नाही. तशीच गोल गारगोटी मिळाली तरी चालेल, शिंपलं नको, त्याची कड कापते. सकाळी गाठ सोडताना कापडावर पडलेली वळी गोड्या पाण्याने पुसा, आणि घरी आल्यावर पट्टा नीट शिवा.